मोगऱ्याची छाटणी

२८ जानेवारी

संक्रांत सरली, पहाटेचा गारठा कमी झाला. मोगरा छाटायचे हेच दिवस. मोगऱ्याला फुलंच येत नाहीत म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्याला कधी कात्री लावलेली नसते. मोगरा फुलतो तो नव्या फुटव्याच्या शेंड्यावर. जुनी फांदी तशीच राहिली तर तो वेलासारखा लांबत जातो, पानं धरतो, कळी मात्र एखाद-दुसरी.

छाटणीआधी आठवडाभर पाणी कमी करायचं. डाळिंबाचा बहार धरताना ताण देतात, त्यातलाच हा प्रकार. पण कुंडीत माती मोजकीच, म्हणून पाणी साफ तोडायचं नाही. पानं जराशी मलूल दिसतील इतपत पुरे.

आधी वाळलेल्या, काडीसारख्या बारीक आणि एकमेकींत अडकलेल्या फांद्या बुडातून काढायच्या. उरलेल्या चार-सहा जाड फांद्या मातीपासून फूट-दीड फुटावर कापायच्या. इथे पेर, म्हणजे फांदीवर पानं फुटतात ती गाठ, नीट बघून घ्यावं. मोगऱ्याची पानं समोरासमोर जोडीनं येतात, काही जातींत तिघं मिळून, आणि प्रत्येक पानाच्या बगलेत एक बारीक हिरवा डोळा, म्हणजे नवा फुटवा येण्याची जागा, असतो. काप या डोळ्यांच्या वर पाव इंचावर हवा. मग एका फांदीच्या दोन होतात, आणि दोन शेंडे म्हणजे कळ्यांचे दोन घोस. काप फार वर घेतला तर डोळ्यावर उरलेला फांदीचा तुकडा वाळत जातो आणि डोळ्यालाही घेऊन जातो. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, धारदार असावं, स्पिरिटनं पुसलेलं. बोथट कात्रीनं साल चेचते. राहिलेली जुनी पानंही हातानं खुडून टाकायची.

मग खुरपीनं वरची दोन इंच माती काढायची. बारा-चौदा इंची कुंडीला दोन ओंजळी जुनं शेणखत किंवा गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड मातीत मिसळून परत भरायची, आणि बुडाच्या भोकातून पाणी निथळेपर्यंत भिजवायचं. युरियाच्या वाटेला जाऊ नये. नत्र जास्त झालं की हिरवागार पाला माजतो, कळी धरत नाही. उन्हाला तर काहीच पर्याय नाही. रोज पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर बाकी सगळी मेहनत पानांतच जाते.

आता झाड म्हणजे नुसता काटक्यांचा सांगाडा. नव्यानं बाग करणाऱ्याचा जीव इथेच घाबरा होतो. पण आठ-दहा दिवसांत डोळे फुगतात, आणि तांबूस पोपटी पानाचं टोक बाहेर येतं. फुलापेक्षा मला हे टोक जास्त सुख देतं. फूल एका रात्रीचं, पण आज केलेल्या कापाला कुठे फुटवा येणार हे आधी कळणं आणि तो तिथेच आलेला दिसणं, हा आनंद वर्षानुवर्षं शिळा होत नाही. झाडाचं बोलणं हळूहळू कळायला लागतं. बुडाकडची जुनी पानं पिवळी पडली तर बहुधा पाणी साचतंय किंवा नत्र कमी पडतंय. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर लोह मिळत नाही. आपल्याकडची चुनखडीची काळी माती आणि बोअरचं जड पाणी यांत लोह असून अडकून पडतं. अशा वेळी फेरस सल्फेट लिटरला ३ ते ५ ग्रॅम, त्यात चिमूटभर सायट्रिक ॲसिड, संध्याकाळी पानांवर फवारायचं. चुलीची राख मात्र टाळायची, तिनं दुखणं वाढतं.

कळ्या साधारण सहा ते आठ आठवड्यांत दिसतात, म्हणजे पाडव्याच्या आगेमागे. त्या काळात पाण्याची हयगय नको. पेरभर बोट खुपसून माती कोरडी लागली की पाणी द्यायचं. कळी जांभळट झाली आणि तिला बारीक भोक दिसलं तर आत अळी आहे. ती कळी आणि तिच्या शेजारच्या जाळ्यानं चिकटलेल्या कळ्या खुडून नष्ट करायच्या, कुंडीत पडू द्यायच्या नाहीत, कारण अळी मातीत उतरून कोष करते. नंतर आठवड्यातून एकदा निंबोळी तेल, लिटरला ५ मिली, दोन थेंब पातळ साबण घालून, ऊन उतरल्यावर फवारायचं.

भरलेली पांढरी कळी संध्याकाळी खुडावी, रात्री वाटीत उमलते. पहिला बहर ओसरला की फुलून गेलेला प्रत्येक शेंडा पानांच्या एका जोडीसकट खुडायचा आणि ओंजळभर गांडूळखत द्यायचं. असं करत गेलं तर पावसाळ्यापर्यंत आणखी दोन-तीन बहर येतात. खुडायचं राहिलं तर झाड पुन्हा लांबायला लागतं.