चिठ्ठी नसलेला सोनकिडा

गणपतीच्या आधी माळा काढायचा, हा आमच्या घरचा नेम. यंदा भरल्या पोटी, भर दुपारी आईची पत्र्याची ट्रंक खाली घेतली आणि काम तिथंच थांबलं. स्वेटरांच्या तळाशी एक काडेपेटी. उघडली तर आत सोनकिडा. दोन पाय गळालेले, पण पाठ अशी हिरवीगार, की आत्ता बाभळीवरून उतरवलाय. तीसेक वर्षं तरी झाली असतील.

शेजारीच थर्मोकोलचा तुकडा. नववीत त्यावर फुलपाखरं टोचली होती. आता नुसत्या टाचण्या उभ्या, बुडाशी चिमूटभर भुकटी. ही करामत अँथ्रीनस म्युझिओरमची, नाहीतर त्याच्या एखाद्या भाऊबंदाची. नाव लिनियसनं ठेवलेलं, जीवांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत घालणारा तोच. अर्थ साधारण ‘म्युझियमवाला’. तिळाएवढा भुंगेरा, पण त्याच्या केसाळ अळ्या मोठमोठ्या संग्रहालयांत शिरून वाळके किडे फस्त करतात. आईनं डांबराच्या गोळ्या ठेवल्या होत्या की, पण सगळ्या पैठणीच्या घडीत.

सोनकिड्याची पाठ मात्र विटली नाही, कारण तिच्यात विटायला रंगच नाही. कवचाचे पातळ पापुद्रे एकावर एक, त्यांवरून उजेड परततो तो हिरवा होऊन. जरा तिरका धरला की निळसर. मी बराच वेळ तिरका-सरळ करत बसले. खालून दोनदा चहाची हाक आली.

पावसाळ्यात आमच्या अर्ध्या वर्गाच्या दप्तरात काडेपेटी असायची. आत बाभळीचा पाला, वरून हवेसाठी टाचणीची भोकं. सोनकिड्यानं अंडं घातलं की त्या दिवशी मालकाचा भाव वधारायचा. एका अंड्याला चार गोट्या, असा दर मला आठवतो. गणिताच्या तासाला दप्तरातून खरखर यायची. सगळ्या वर्गाला ऐकू यायची, बाईंना तेवढी नाही. का, कुणास ठाऊक.

कोल्हापूरच्या न्यू पॅलेसचं म्युझियम बघायला नेलं, की बाकीची पोरं पेंढा भरलेल्या वाघाला वाकुल्या दाखवायची आणि मी पाटी शोधायची. ती खोड अजून आहे. आधी पाटी, मग वाघ. पाटी नसेल तर मला वाघ दिसतच नाही म्हणा ना. किडे जमवणाऱ्यांचं शास्त्र कळलं तेव्हा म्हणूनच फार बरं वाटलं. तिथं प्रत्येक टाचणीला किड्याखाली नखाएवढी चिठ्ठी: गाव, तारीख, पकडणाऱ्याचं नाव. चिठ्ठी हरवली की किडा कितीही देखणा असो, अभ्यासाच्या दृष्टीनं तो शोभेचा. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये सुमारे ८ कोटी नमुने आहेत, त्यात ३ कोटींवर किडे-कोळी. एवढ्या चिठ्ठ्या! नवी जात नोंदवताना तर एकच नमुना नेमतात, होलोटाइप म्हणतात त्याला. नाव त्या एका देहाला बांधलेलं. त्याची चिठ्ठी बहुधा लाल. शंभर वर्षांनी कुणाला शंका आली, तर त्यानं जाऊन तोच किडा बघायचा.

आणि माझ्या काडेपेटीत एक चिटोरं नाही. आईच्या लोणच्याच्या बरणीवरसुद्धा तारीख असायची.

वहीचा कोपरा फाडला आणि ‘रंकाळा’ लिहायच्या आधी खात्रीसाठी पुण्याला दादाला फोन लावला.

“रंकाळा कुठला? कळंब्याच्या वाटंवरची बाभळ ती. आणि तू कुठं पकडलीस? मी पकडलो. तू नुसती डबी धरून उभारलीस.”

मला पाण्याचा काठ लख्ख आठवतो. दादा म्हणाला, कळंब्याला पण तलावच आहे की. मला पायातल्या काट्याची आठवण आहे. तो म्हणाला, काटा त्याच्या पायात होता. अर्धा तास भांडलो. वर्षावर तर दोन सेकंदसुद्धा एकमत झालं नाही.

शेवटी चिठ्ठीवर ‘कोल्हापूर’ एवढंच घातलं. तारीख कोरी. नाव दादाचं, व्हिडिओ कॉलवर बघितल्याशिवाय तो फोनच ठेवेना. पैठणीतली एक गोळी काढली, ती काडेपेटीत मावेना, म्हणून बत्त्यानं फोडून अर्धी घातली.

माळा अजून तसाच आहे.