गाळणकागदाच्या दोन्ही बाजूंना

किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात नायट्रेट आणि फॉस्फेट मुबलक असूनही वनस्पतिप्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवालांची, वाढ तुटपुंजी राहते, आणि काही मैल पुढे, जिथे ही द्रव्ये बरीच विरळ झालेली असतात, तिथे मात्र ती जोमाने होते. माझ्या पीएच.डी.चा विषय या विसंगतीतून निघाला. तिचे अर्धे स्पष्टीकरण कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडते: नदीमुखाजवळ पाण्यात गाळ तरंगत असतो, त्यामुळे उजेड खोल जात नाही, आणि उजेडावाचून पोषकद्रव्यांचा उपयोग होत नाही. उरलेले अर्धे स्पष्टीकरण असे सुटसुटीत नाही, कारण तो गाळ केवळ उजेड अडवून थांबत नाही. तो पोषकद्रव्ये धरून ठेवतो, सोडतो, आणि ज्या प्लवकांची वाढ त्याने रोखलेली असते त्यांच्याच चिकट स्रावामुळे शेवटी तळाशीही बसतो.

उजेडाचा भाग त्यातल्या त्यात सरळ आहे. पाण्यात प्रकाश खोलीनुसार घातांकी प्रमाणात क्षीण होतो. हा ऱ्हास किती वेगाने होतो ते एका गुणांकाने सांगतात, आणि ४.६ या संख्येला त्या गुणांकाने भागले की पृष्ठभागावरचा एक टक्का प्रकाश ज्या खोलीवर उरतो ती खोली मिळते. स्वच्छ पाण्यात गुणांक दर मीटरला ०.१ असेल, तर ती ४६ मीटर येते. गढूळ खाडीत तो २ असेल, तर जेमतेम २.३ मीटर. ही एक टक्क्याची मर्यादा सोयीपुरती मानलेली आहे हे खरे, पण प्रकाशसंश्लेषणाला पुरेल इतका उजेड कुठवर पोचतो याचा अंदाज तिच्यावरून बऱ्यापैकी बांधता येतो.

हे मोजण्याचे सर्वांत जुने साधन म्हणजे सेक्की चकती, दोरीने पाण्यात सोडायची एक पांढरी चकती. आंजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञाने १८६५ साली पोपच्या नौकेवरून भूमध्य समुद्रात अशा चकत्या सोडून त्या किती खोलीवर दिसेनाशा होतात याची पद्धतशीर निरीक्षणे केली. इतके साधे साधन आजही टिकून आहे याचे मुख्य कारण, माझ्या मते, तिच्या नोंदींची लांबलचक मालिका. शंभर वर्षांपूर्वीचा समुद्र किती नितळ होता हे सांगणारे दुसरे फारसे काही आपल्या हाती नाही. मात्र चकती दिसेनाशी होणे आणि उजेड संपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खनिज कण प्रकाश शोषण्यापेक्षा विखुरतात अधिक, आणि विखुरलेला प्रकाश चकतीची कडा पुसून टाकत असला तरी त्याचा काही भाग खाली जातच राहतो. पूल आणि ॲटकिन्स यांनी १९२९ साली चकतीची खोली आणि ऱ्हास-गुणांक यांचा गुणाकार सुमारे १.७ येतो असे मांडले होते; गढूळ पाण्यात तो याहून कमी भरतो. जुन्या नोंदींवरून उजेडाचा इतिहास लिहिताना ही बाब विसरली, तर जिथे गाळ जास्त तिथे आपण समुद्राला प्रत्यक्षापेक्षा अधिक अंधारा ठरवून बसतो.

उजेडाच्या प्रमाणाइतकाच त्याचा रंगही महत्त्वाचा आहे. लाल प्रकाश पाणी स्वतःच शोषून घेते. निळा प्रकाश नद्यांतून येणारी, कुजलेल्या पानापाचोळ्यापासून बनलेली पिवळसर विरघळलेली द्रव्ये खातात, आणि गाळाचे कणही त्यांना साथ देतात. उरतो तो हिरवा-पिवळा पट्टा, म्हणजे नेमका तो भाग जो हरितद्रव्य सर्वांत कमी वापरते. त्यामुळे प्रकाशमापक यंत्र ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातील सगळा प्रकाश एकत्र मोजून जो आकडा दाखवते, त्यातला प्लवकांच्या उपयोगाचा वाटा त्याहून कमी असू शकतो.

आता कणांकडे वळतो, कारण माझे बहुतेक काम तिथेच अडले आणि तिथेच पुढे सरकले. पाण्यात किती गाळ आहे हे ठरवण्याची सर्वमान्य रीत म्हणजे ठरावीक पाणी आधी वजन केलेल्या काचतंतूच्या गाळणकागदातून गाळणे, कागद ऊर्ध्वपातित पाण्याने धुणे, वाळवणे आणि पुन्हा वजन करणे. ऐकायला हे काम बालिश वाटते. प्रत्यक्षात समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते आणि आपण शोधत असतो काही मिलिग्रॅम गाळ. कागदाच्या कडेला शिरलेले मीठ नीट धुतले गेले नाही, तर ते सहज गाळाएवढे भरते. जितके पाणी कमी गाळावे तितका हा दोष मोठा होतो, आणि पाणी गढूळ असेल तर कागद लवकर तुंबत असल्याने फार गाळताही येत नाही. प्रयोगशाळेतील या कामाला कोणी प्रतिष्ठा देत नाही, पण उपग्रहापासून संगणकी प्रारूपापर्यंतचे सगळे आकडे अखेर या वजनांवरच तोललेले असतात.

यंत्रे हे काम झटपट करतात, पण ती वजन मोजत नाहीत. ती प्रकाश किती परत फिरला हे मोजतात. तेवढ्याच वजनाचा गाळ बारीक असेल तर त्याचे एकूण पृष्ठफळ जास्त असते आणि यंत्राला तो अधिक दिसतो. भरड असेल तर कमी. म्हणून एका ठिकाणी बसवलेले समीकरण दुसऱ्या ठिकाणी, किंवा त्याच ठिकाणी दुसऱ्या ऋतूत, चालत नाही. शिवाय समुद्रातला गाळ सुट्या कणांच्या रूपात क्वचितच असतो. खारे पाणी मातीच्या कणांवरील विद्युतभारांचा परिणाम कमी करते, शैवालांनी आणि जिवाणूंनी सोडलेली चिकट बहुशर्करा त्यांना बांधते आणि त्यांचे पुंजके बनतात. हे पुंजके मोठे पण पोकळ, आत बहुतांशी पाणीच असलेले असतात; पाण्याची घुसळण वाढली की फुटतात, मंदावली की पुन्हा जुळतात.

या पुंजक्यांमुळे पडणारा फरक सांगण्यासाठी एक हिशेब पुरेसा आहे. दोन मायक्रोमीटर व्यासाचा मातीचा सुटा कण स्टोक्सच्या नियमानुसार दिवसाला सुमारे ३० सेंटिमीटर खाली जातो, म्हणजे दहा मीटर खोल पाण्यात त्याला तळ गाठायला महिनाभर लागेल. तोच कण सेकंदाला एक मिलिमीटर वेगाने बुडणाऱ्या पुंजक्यात अडकला, तर तीन तासांच्या आत तो तळाशी असतो. महिना आणि तीन तास यांतला हा फरक ज्या गोष्टीवर अवलंबून आहे ती गोष्ट बव्हंशी जैविक आहे. भौतिकशास्त्राच्या माणसाला हे पचायला जड जाते, मलाही गेले.

भरती-ओहोटी या सगळ्याला लय देते. तळावरचा ताण प्रवाहाच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे उधाणाच्या दिवसांत तळाचा गाळ मोठ्या प्रमाणावर उचलला जातो आणि भांगाच्या, म्हणजे मंद भरतीच्या, दिवसांत तो पुष्कळसा खाली बसतो. सुमारे पंधरवड्याच्या या चक्रात, आणि त्याच्या पोटात दिवसाकाठच्या भरती-ओहोटीच्या चक्रात, पाण्याचा उजेड सतत बदलतो. उथळ समुद्रात पाणी तळापर्यंत ढवळले जाते तेव्हा प्लवकाची पेशी एका खोलीवर राहत नाही. वीस मीटर खोल पाण्यात उजेडाचा थर चार मीटरचा असेल, तर तिचा पाचातला एकच भाग वेळ उजेडात जातो आणि उरलेल्या वेळात ती साठवलेले अन्न श्वसनावर खर्च करत राहते. हाराल्ड स्व्हेरड्रुप यांनी १९५३ साली खोल समुद्रासाठी मांडलेल्या क्रांतिक खोलीच्या (पाणी जिच्याहून खोल ढवळले गेले तर प्लवकांचा श्वसनाचा खर्च कमाईपेक्षा जास्त होतो त्या खोलीच्या) कल्पनेवर नंतर पुष्कळ वाद झाले, तरी खोलीभरच्या सरासरी उजेडाचा हा जमाखर्च गढूळ किनाऱ्यांवर आजही उपयोगी पडतो.

पोषकद्रव्यांच्या बाबतीत शिस्त अशी की पाणी गाळून घ्यावे आणि जे खाली उतरेल तेच मोजावे. फॉस्फेटसाठी मॉलिब्डेटची निळी छटा, नायट्रेटसाठी कॅडमियमने त्याचे नायट्राइट करून मिळवलेला गुलाबी रंग. दोन्ही पद्धती रंगाच्या गडदपणावर चालत असल्याने गढूळ नमुना त्यांना चालतच नाही. म्हणजे एकाच गाळणकागदाच्या वर जे राहते त्याला आपण 'गाळ' म्हणतो आणि खाली जे उतरते त्याला 'पोषकद्रव्य'. समुद्रात अशी विभागणी नाही. कागदाच्या सुमारे ०.७ मायक्रोमीटरच्या छिद्रांपेक्षा बारीक माती आणि कलिले (पाण्यात तरंगत राहणारे अतिसूक्ष्म कण) बिनदिक्कत खाली उतरतात, आणि उलट फॉस्फेटचा मोठा साठा कणांवरच्या लोहाच्या ऑक्साइडला चिकटून वरच राहतो. पाण्यातले विरघळलेले फॉस्फेट प्लवकांनी संपवले की कण त्यातले थोडे सोडतात, वाढले की पुन्हा धरतात, आणि पाण्यातील मात्रा त्यामुळे बरीच स्थिर दिसते. गाळ प्राणवायूविरहित तळात पुरला गेला तर लोहाचे क्षपण होऊन तो साठा मोकळा होतो. नायट्रेटला असा आधार नाही. ते कणांना चिकटत नाही, आणि त्याच तळात जिवाणू त्याचे नायट्रोजन वायूत रूपांतर करून ते कायमचे बाहेर काढतात. ॲल्फ्रेड रेडफिल्ड यांच्या नावाने ओळखले जाणारे १०६ कार्बन, १६ नायट्रोजन आणि १ फॉस्फरस हे प्लवकांतील अणूंचे प्रमाण खुल्या महासागरात उत्तम लागू पडते. गढूळ किनाऱ्यावर फक्त गाळलेल्या पाण्यातले गुणोत्तर काढून 'इथे फॉस्फरसची टंचाई आहे' असा निष्कर्ष काढणारे लेख वाचताना मला नेहमी त्या फेकून दिलेल्या गाळणकागदांची आठवण होते.

ॲमेझॉनचे मुख हे या सगळ्याचे भव्य उदाहरण आहे. मुखाजवळ पोषकद्रव्ये विपुल, पण गाळामुळे उजेड जवळपास नाही. पुढे गाळ बसतो, पाणी निवळते, आणि पोषकद्रव्ये अजून शिल्लक असतात त्या मधल्या पट्ट्यात डायटमांचा, म्हणजे सिलिकाचे कवच असलेल्या सूक्ष्म शैवालांचा, बहर येतो. आणखी पुढे उजेड भरपूर असतो पण पोषकद्रव्ये सरलेली असतात. नाईलच्या बाबतीत १९६० च्या दशकाच्या मध्यापासून आस्वानच्या मोठ्या धरणामागे पुराचे पाणी आणि गाळ अडू लागला, मुखाबाहेरचा डायटमांचा वार्षिक बहर गेला आणि त्यावर पोसलेली सार्डिनची मासेमारी कोसळली.

मला अधिक शिकवणारे उदाहरण मात्र सान फ्रान्सिस्को उपसागराचे आहे. तिथे सांडपाण्यातून आणि शेतीतून येणारा नायट्रोजन विपुल असूनही दीर्घकाळ प्लवकांचे मोठे बहर क्वचितच येत, आणि जेम्स क्लोअर्न यांनी १९८७ साली दाखवून दिले की अशा खाड्यांत वाढीवरचा मुख्य लगाम गढूळपणाचा असतो. हा गढूळपणा पूर्णपणे नैसर्गिक नव्हता. एकोणिसाव्या शतकात सोन्यासाठी डोंगर पाण्याच्या झोताने फोडले गेले आणि तो राडारोडा नद्यांवाटे उपसागरात साचला. तो साठा हळूहळू सरत गेला, वर धरणांनी नवा गाळ अडवला, आणि १९९९ नंतर तिथल्या पाण्यातील गाळ एकदम घटलेला आढळला. त्याच सुमारास दक्षिण भागात हरितद्रव्य वाढले. त्याचे श्रेय निवळलेल्या पाण्याला एकट्याला देता येत नाही, कारण प्लवक गाळून खाणारे शिंपलेही तेव्हा भक्षकांमुळे कमी झाले होते. पुढे २०२२ च्या ऑगस्टमध्ये हेटेरोसिग्मा या शैवालाचा प्रचंड बहर तिथे आला आणि मासे मोठ्या संख्येने मेले. पोषकद्रव्ये आधीपासून होतीच. त्यांना अडवून ठेवणारे काहीतरी सैल झाले होते.

म्हणूनच गढूळ किनाऱ्यावर हरितद्रव्य कमी आढळले तर त्याला पाण्याच्या आरोग्याचे प्रमाणपत्र समजण्यास माझा विरोध आहे. हरितद्रव्याचा आकडाही निसरडा असतो; अंधारात वाढलेली पेशी उजेड टिपण्यासाठी जास्त हरितद्रव्य बाळगते, त्यामुळे तेवढ्याच आकड्यामागे गढूळ पाण्यात कमी आणि नितळ पाण्यात जास्त जीवभार असू शकतो. उपग्रहांनी चित्र व्यापक केले आहे, परंतु गढूळ पाण्यात त्यांना वरचा मीटरभर थरही नीट दिसत नाही, आणि ढगाळ, वादळी दिवस, म्हणजे जेव्हा गाळ सर्वाधिक उचलला जातो ते दिवस, त्यांच्या नोंदीतून गळतात.

प्रबंधातील माझे म्हणणे त्यामानाने माफक आहे: गाळ, उजेड आणि पोषकद्रव्ये एकाच जागी, एकाच भरतीच्या एकाच टप्प्यावर मोजावीत, आणि गाळणकागदावर उरलेल्या भागातील फॉस्फरसही त्याच हिशेबात धरावा. शेवटचे प्रकरण अजून लिहून व्हायचे आहे आणि ते वसंतातल्या निवळण्याबद्दल आहे. दक्षिण उत्तर समुद्रासारख्या ठिकाणी वसंतात पाणी निवळते ते केवळ वारा पडल्यामुळे नव्हे. बहरातील शैवाले सोडत असलेल्या चिकट द्रव्यामुळे पुंजके मोठे होतात, लवकर बसतात आणि उजेड आणखी खोल जातो. बहर असा स्वतःच्या वाढीला वाट करून देतो. परंतु आम्ही वापरतो त्या प्रारूपात गाळाच्या बुडण्याचा वेग वर्षभर एकच धरलेला आहे. तो ऋतूनुसार बदलला तर बहराची सुरुवात किती अलीकडे सरकते, आणि कणांसोबत तळाशी गेलेले फॉस्फेट उन्हाळ्यात कितपत परत येते, हे तपासण्याचे काम सध्या चालू आहे.