कॉक बंद केल्यावर

वाशीत सिम्युलेटरवर विमान शिकवायला लागून मला ८ वर्षं झाली. इंजिन बंद पडल्याचा धडा मी शेकडो वेळा घेतलाय. तो अर्धवट घेत होते, हे त्या शनिवारी रबाळ्याच्या एका फॅब्रिकेटर काकांनी दाखवून दिलं.

काका वर्कशॉपमध्ये फावल्या वेळात दोन आसनांचं विमान बांधताहेत. पंख अजून लागायचेत, पण त्यांना आधी बंद इंजिनावर उतरायलाच शिकायचं होतं. हे मला फार आवडलं.

वाशी स्टेशनच्या डोक्यावर, ३,००० फुटांवर मी थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा, पूर्ण मागे घेतला. या विमानाला १ फूट उंचीमागे ९ फूट पुढे जाता येतं. म्हणजे वारा नसेल तर जेमतेम ८ किलोमीटर, सरळ रेषेत खारघर स्टेशन. तिथेच मी सिम्युलेटरमध्ये एक धावपट्टी आखून ठेवलीय.

पहिल्या दोन खेपांना काकांनी सगळे करतात तेच केलं. जमीन जवळ येताना दिसली की नाक वर ओढायचं. वेग गेला, विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांची उचल तुटली, आणि बेलापूरच्या आसपासच पडलं. तिसऱ्यांदा त्यांनी दात आवळून नाक खाली ठेवलं, ६५ नॉटचा (ताशी सुमारे १२० किलोमीटर) वेग सोडला नाही आणि पट्टी गाठली. मी टाळ्या वाजवल्या.

काका स्क्रीनकडेच बघत होते. "मॅडम, इंजिन स्लो चालतंय की. बंद कुठंय?"

"सराव असाच करतात, काका."

"कॉक बंद करा ना. किल्ली काढून गाडी गिअरमध्ये घाटात सोडली, तर इंजिन कसं ओढून धरतं! इथं चाकाच्या जागी पंखा. सिलिंडरमधलं प्रत्येक कॉम्प्रेशन वाऱ्यालाच दाबावं लागणार."

मी इंधनाचा कॉक बंद केला. पंखा फिरतच राहिला, पण वाऱ्याच्या जोरावर, आणि त्याची किंमत उंचीतून जात होती. तोच वेग, तोच हात, तरी पट्टीच्या अलीकडेच जमीन आली. मला घाम फुटला. ९ हा आकडा पाठ करवून मी किती मुलांना पाठवलं होतं!

"पंखा थांबवला तर?"

थांबतो. वेग स्टॉलच्या जवळ आणला की कॉम्प्रेशनच त्याला अडवतं, आणि असा थांबलेला पंखा इंजिनाला फिरवत राहणाऱ्या पंख्यापेक्षा विमानाला मागे कमी ओढतो. पण ते करताना उंची खर्ची पडते, जमिनीजवळ तो नाद नको. आम्ही दोनदा करून बघितलं.

काकांनी वहीतले ९ खोडून ८ लिहिले, पेन्सिल कानावर खोचली आणि म्हणाले, "आता समोरून वारा लावा."