अडतीस दिवसांचा जानेवारी

मी म्हापशातील ज्या कचेरीत हिशेबनीस म्हणून काम करते, तेथे डिसेंबरचा पगार महिनाअखेरीची वाट न पाहता २४ तारखेलाच खात्यावर जमा होतो, कारण बरेच सहकारी ख्रिस्ती आहेत आणि नाताळच्या आदल्या दिवशी त्यांच्या हाती पैसे असावेत अशी मालकांची इच्छा असते. अनेक वर्षे मी याकडे निव्वळ सौजन्य म्हणून पाहत होते. पुढचा पगार ३१ जानेवारीला येतो, म्हणजे २४ डिसेंबरपासून अडतीस दिवस त्याच रकमेवर काढायचे असतात, आणि त्यांतला पहिला आठवडा हा गोव्यातला वर्षातील सर्वांत महाग आठवडा असतो, हे साधे गणित दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब जुळवणाऱ्या माझ्या लक्षात यायला कितीतरी जानेवारी जावे लागले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

बाहेरच्यांना वाटते की गोव्याचा डिसेंबर म्हणजे ३१ तारखेची रात्र. आमच्यासाठी तो ३ तारखेच्या जुन्या गोव्याच्या फेस्तापासून, म्हणजे चर्चच्या उत्सवापासून, सुरू होतो, ८ तारखेला पणजीच्या चर्चचे फेस्त येते, मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंती असते, १९ तारखेला मुक्तिदिनाची सुट्टी, मग नाताळ, आणि नवे वर्ष उजाडल्यावरही म्हापसेकरांची सुटका होत नाही, कारण पौषात बोडगेश्वराची जत्रा भरते आणि ती बहुतेक वेळा जानेवारीतच येते. यांतली कोणतीही तारीख अचानक उगवत नाही. दिनदर्शिका भिंतीवर लावतो त्याच दिवशी त्या सगळ्या समोर दिसत असतात, आणि तरीही दर वर्षी खर्च झाल्यावर आम्ही ‘या वेळी जरा जास्तच झाले’ असे नवलाने म्हणत असू.

चार वर्षांपूर्वी हे नवल अंगाशी आले. त्या वर्षी कोल्हापूर आणि पुणे मिळून सात पाहुणे नाताळच्या सुट्टीत आमच्याकडे उतरले होते. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे मला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. अडचण अशी होती की त्या आठवड्यात आमच्या अंथरुणावर अकरा माणसे झोपली होती. घरातले जुने फ्रिज नेमके त्याच वेळी बंद पडले आणि नवे फ्रिज ‘बिनव्याजी’ हप्त्यांवर आले. पाहुण्यांना घेऊन दोन वेळा किनाऱ्यावर जेवायला गेलो, कांदोळीपर्यंत वाहतुकीत अडकून टॅक्सीचे वाढीव भाडे दिले, आणि हे सगळे क्रेडिट कार्डावर टाकून जानेवारीत पाहू असे ठरवले.

जानेवारीत पाहिले तेव्हा कार्डावर ४६,००० रुपये बाकी होते. खात्यात तेवढे पैसे नसल्याने मी विवरणपत्रातील ‘किमान देय रक्कम’, म्हणजे पाच टक्क्यांप्रमाणे २,३०० रुपये भरले आणि निश्चिंत झाले. पुढच्या महिन्यात आकडे मांडून पाहिले, तेव्हा दरमहा साडेतीन टक्क्यांनी १,६१० रुपये व्याज लागले होते, त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटीचे सुमारे २९० रुपये होते, आणि माझ्या २,३०० रुपयांतून मूळ रकमेतले अवघे ४०० रुपये फिटले होते. दरमहा साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के. त्याहून वाईट गोष्ट अशी की मागची बाकी पूर्ण भरलेली नसली, तर नव्या खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदतही उरत नाही. जानेवारीत त्याच कार्डावर भरलेल्या किराण्यालाही पहिल्या दिवसापासून व्याज लागत होते. ती बाकी फिटायला गणेशचतुर्थी उजाडली. फ्रिजच्या ‘बिनव्याजी’ हप्त्यांविषयी सांगायचे तर, शून्य टक्के व्याज ही कल्पनाच मुळात अस्तित्वात नाही असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना लेखी बजावले होते. व्याज कोठेतरी असतेच. ते प्रक्रिया शुल्कात किंवा रोखीने घेणाऱ्याला मिळणाऱ्या आणि आपल्याला न मिळणाऱ्या सवलतीत दडलेले असते, आणि त्या व्याजावरचा जीएसटी तर उघडपणे आपल्याच हप्त्यात येतो.

त्या अनुभवानंतर माझे एक मत पक्के झाले आहे. सणासुदीच्या खर्चाबाबत संयम, मनोनिग्रह हे शब्द आपण डिसेंबरात वापरतो, आणि तेथेच चूक होते. पाहुणे दारात उभे असताना, मुले जत्रेच्या दिव्यांकडे पाहत असताना, शेजारच्या घरातून बेबिंक भाजल्याचा वास येत असताना माझ्या मनाचा निग्रह टिकत नाही, आणि तो टिकावा अशी माझी फारशी इच्छाही नसते. निग्रह करायचा तो जूनमध्ये, पाऊस कोसळत असताना, जेव्हा बाहेर पडून खर्च करावा असे काहीच नसते.

आमच्या घरात हे काम पिग्मीने, म्हणजे दारात येऊन रोज थोडीथोडी गोळा केल्या जाणाऱ्या ठेवीने केले. यजमानांचे बाजारात घड्याळदुरुस्तीचे छोटे दुकान आहे. तेथे रोज संध्याकाळी पिग्मी गोळा करणारे गृहस्थ येतात, शंभर रुपये घेतात, नोंद करतात आणि पुढच्या दुकानात जातात. ही पद्धत १९२८ साली उडुपीला सुरू झाली. पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेने विणकर आणि लहान दुकानदार यांच्याकडून रोज दोन आणे गोळा करण्यासाठी ती आखली होती. रविवार आणि बंदचे दिवस वगळून वर्षाचे तीनशे दिवस धरले, तरी शंभर रुपयांप्रमाणे तीस हजार होतात. व्याज कमी मिळते आणि मुदतीपूर्वी रक्कम काढली तर तेही कापले जाते. हिशेबनीस म्हणून मला हे पूर्वी मूर्खपणाचे वाटे आणि मी यजमानांना तसे ऐकवीतही असे. आता मला वाटते की कमी मिळालेले ते व्याज म्हणजे रोज दारात येऊन आठवण करून देणाऱ्या माणसाची मजुरी आहे, आणि बेचाळीस टक्क्यांच्या शेजारी ठेवून पाहिली तर ती फारच स्वस्त पडते. मात्र पिग्मी बँकेची आहे की पतसंस्थेची, हे आधी पाहून घ्यावे. फेब्रुवारी २०२० पासून बँकेतील ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थांतील ठेवींना ते नाही.

मी स्वतः बँकेत दरमहा तीन हजारांचे बारा महिन्यांचे आवर्ती खाते उघडले. पहिल्या वर्षी शहाणपणा करून ते ५ डिसेंबरला पूर्ण होईल असे ठेवले. परिणाम असा झाला की ५ तारखेला छत्तीस हजार आणि वर व्याज हाती आले आणि २० तारखेपर्यंत त्यांतले बरेचसे गेलेही. पैसे हाती येण्याची तारीखही विचार करून निवडावी लागते, हे तेव्हा कळले. आता ते खाते ५ जानेवारीला पूर्ण होते आणि त्यातून विम्याचा हप्ता व लांबलेल्या महिन्याचा किराणा निघतो. डिसेंबर पिग्मीवर, जानेवारी आवर्ती खात्यावर, अशी वाटणी झाली आहे.

पैशांची सोय करणे त्या मानाने सोपे होते; माणसांशी बोलणे अवघड गेले. गोव्यात घर असलेल्या प्रत्येकाला ‘या वर्षी तुमच्याकडेच येतो’ असा फोन येतो आणि त्यात प्रेम असतेच. माझ्या कोल्हापूरच्या नणंदबाई यजमानांहून मोठ्या. त्यांच्यासमोर पैशांचा विषय काढणे मला जन्मात जमले नसते. दोन वर्षांपूर्वी मात्र ऑक्टोबरातच फोन करून मी म्हटले, “वन्सं, तुम्ही सगळे नक्की या, चार दिवस राहा, पण या वेळी जेवण घरीच करू या आणि किनाऱ्यावर एकच दिवस जाऊ, तोही २५ च्या आधी.” पलीकडे क्षणभर शांतता होती. नंतर आठ दिवस त्यांचा फोन आला नाही, आणि यजमान माझ्याकडे पाहून काही बोलायचे टाळत राहिले. शेवटी त्यांचाच फोन आला: “अगं, मग आम्ही २० तारखेलाच निघतो. आणि येताना तांदूळ, गूळ घेऊन येते, तू भरून ठेवू नकोस.” त्या रागावल्या होत्या की नाही, हे मला अजूनही नीट ठाऊक नाही. पण २५ च्या आधी आल्याने रस्ते मोकळे मिळाले आणि नाताळच्या आठवड्यात आभाळाला भिडणारा विसवणाचा, म्हणजे सुरमईचा, भाव चुकला. शुक्रवारच्या बाजारातून आणलेल्या मयड्याच्या केळ्यांचे घड वन्संनी स्वतःच्या पैशांनी घेतले, हे तर मला फार आवडले.

२४ तारखेनंतर मी फोनवरून पैसे देणे शक्यतो थांबवते. एरवी मला त्याची सोय नाकारायची नाही, पण त्या पंधरवड्यात फोन पुढे करून चाळीस, साठ, दोनशे असे जे जाते, त्याचे वजन हाताला कळत नाही. बँकेतून सुट्ट्या नोटा आणून मासळी, भाजी, मुलांचा खर्च अशी वेगळी पाकिटे करते. दहा-दहाच्या नोटांचे एक पाकीट ‘ओल्ड मॅन’साठी असते, सरत्या वर्षाचा गवताचा म्हातारा करून रस्त्यात वाहने अडवणाऱ्या मुलांना नाही म्हणणे मला पटत नाही. गंमत अशी की फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना मांडवीतल्या कॅसिनोंत खेळायला सरकारनेच बंदी केली आहे, तेव्हा तेवढा एक मोह आमच्या वतीने परस्पर निकालात निघाला आहे. हातातल्या फोनबद्दल असे कोणी आदेश काढणार नाही.

काही ठिकाणी मी मुद्दाम हात आखडत नाही. शेजारच्या मावशी नाताळला दोदोल, कुलकुल आणि नेवऱ्यांचे ताट पाठवतात. चतुर्थीला आमच्याकडचे ताट त्यांच्याकडे जाते, आणि ही देवघेव माझ्या सासूबाईंच्या काळापासून चालत आलेली आहे. त्या ताटातील जिन्नसांची किंमत मी कधी मांडलेली नाही. जुन्या गोव्याच्या फेस्ताच्या जत्रेतले खाजेही दर वर्षी घरात येते, आणि ते अर्धा किलो पुरेल असे मी दर वर्षी म्हणते व एक किलो घेते.

बोडगेश्वराच्या जत्रेचे पाकीट दीड हजारांचे असते आणि ते मी मुलीच्या हाती देते. त्यातला हिशेब विचारायचा नाही आणि पाकीट संपल्यावर घरी परतायचे, एवढेच दोन नियम आहेत. गेल्या वेळी तिने आणि तिच्या भावाने बहुतेक पैसे मोठ्या पाळण्यावर घालवले, उरलेल्यांतून तिने बांगड्या घेतल्या, आणि रात्री नऊच्या सुमारास रिकामे पाकीट माझ्यापुढे उलटे करून दाखवत ती म्हणाली, “आई, आता खाज्याचे पैसे तुझे.” नियमाप्रमाणे आम्ही तेव्हाच घरी निघायला हवे होते. खाजे यजमानांनी घेतले, आणि ते पैसे कोणत्या पाकिटातून आले हे मी त्यांना विचारले नाही.