कोकरू लांडग्यानं नेलं, मेंढी कुणी फाडली?

डिसेंबरचा शेवटचा आठवडा, माग काढायच्या चार दिवसांच्या वर्गाचा तिसरा दिवस. जागा बारामती तालुक्यातला सुप्याकडचा माळ. याहून नेमकं सांगत नाही, कारण हे लांडग्यांच्या पिल्लांचे दिवस. पावसाळा सरता सरता जोडी जमते, साधारण दोन महिन्यांनी मादी विते आणि ऐन थंडीत बिळात डोळे न उघडलेली पिल्लं असतात. बिळाचा पत्ता फुटला की तिथे कॅमेरेवाल्यांच्या गाड्या लागतात.

थंड देशांतल्या अशा वर्गांना बर्फ मिळतो, आपल्याला फुफाटा आणि दव. माझी तक्रार नाही. दवाचं घड्याळ होतं, फक्त ते आदल्या रात्री लावून ठेवावं लागतं. रात्री आठपासून दर दोन तासांनी मुक्कामाजवळच्या गाडवाटेवर आम्ही एक तळहात दाबून उमटवतो आणि शेजारी काडी रोवून वेळ लिहितो. जागा उघडी हवी, झाडाखाली दव पडत नाही. सकाळी हे हात ओळीनं पाहायचे. दवाआधीच्या ठशात तळालाही पातळ पापडी धरलेली असते, कडा किंचित ओघळलेल्या, एखाद्या किड्यानं त्यावरून आडवी शिवण घातलेली. दवानंतरचा ठसा पापडी मोडून खाली जातो. आतला कोरडा, फिकट फुफाटा वर दिसतो आणि फुटलेल्या पापडीचे तुकडे कडेला उभे राहतात. त्या सकाळी बारापर्यंतचे हात पापडीखाली होते, चार आणि सहाचे पापडी मोडून गेलेले. दोनचा हात अर्धवट, कशातच न बसणारा.

सव्वासहाला निघालो. सूर्य सातच्या सुमारास येतो आणि त्यानंतरचे दोन-अडीच तासच खरे कामाचे, कारण ऊन आडवं असतं आणि ठशाला सावली मिळते. ठसा आपल्या आणि सूर्याच्या मध्ये ठेवून पाहायचा. पाठीवर ऊन घेऊन चालणाऱ्याला तो दिसतच नाही, पायाखाली मात्र येतो. दहानंतर ऊन चढतं, वारा सुटतो, कडा बुजतात.

साडेसातला गाडवाटेवर पहिला ठसा. अकराही जण पट्ट्या घेऊन खाली बसले आणि नेहमीची चूक झाली. फुफाट्यात ठशाची कड बाहेर ढासळते. तिथून मोजलं की पंजा सेंटिमीटरभर वाढतो. मोजायचा तो तळ, सपाटी संपते तिथपर्यंत. तसं मोजल्यावर पुढचा पंजा नखांसह ८.७ सेंटिमीटर लांब, ६.४ रुंद भरला. मागचा ७.८. मोठ्या धनगरी कुत्र्याचा पंजाही एवढा भरतो, म्हणून नुसत्या आकड्यावर ‘लांडगा’ म्हणायची वर्गात बंदी आहे. आधी माग धरून चालायचं.

दोनशे मीटर चाललो. मागचा पाय पुढच्याच्याच ठशात, डावे-उजवे ठसे जवळपास एका दोरीत, एकाच पायाच्या दोन ठशांत सव्वा मीटर अंतर, आणि यात कुठे फरक नाही. बोटं मिटलेली, मधली दोन पुढे, नखं सरळ. गावकुत्रं असं चालत नाही. त्याला प्रत्येक झुडपाशी काम असतं. ते वाट सोडतं, परत येतं, त्याचा मागचा पाय पुढच्याच्या बगलेला पडतो, बोटं फाकतात, कडेची नखं तिरकी उमटतात. कोल्हा आणि तरस यांच्यात फार वेळ घालवायची गरज नव्हती. कोल्ह्याचा ठसा पाच-साडेपाच सेंटिमीटरचा आणि मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागच्या बाजूनं जुळलेल्या, तर तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा नजरेत भरेल इतका मोठा.

माग धरून चाललो आणि समोर धनगराचा वाडा, म्हणजे मेंढरांसह रानात पडलेला तळ, आला. या भागातले बरेच वाडे दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात, मागे राहिलेल्यांपैकी हा एक, बाजरी काढलेल्या रानात बसलेला. तिथे गडबड चालू होती. एक कोकरू गायब, एक मेंढी मेलेली, दोन फाटलेल्या. आमच्यातल्या एकानं वहीत लिहूनही टाकलं: ‘लांडग्यांची टोळी, किमान चार.’

सगळ्यांना वाघरीपासून, म्हणजे मेंढरांभोवतीच्या जाळ्यापासून, तीस मीटरवर थांबवलं. माणसांची पावलं पडायच्या आत वाड्याभोवती एक फेरी मारायची असते, घाईनं आत शिरलं की निम्मा पुरावा आपणच मिटवतो. फेरीत तीन गोष्टी मिळाल्या. आमचा लांडगा वाऱ्याच्या खालच्या अंगानं आला होता. चाळीसेक मीटरवर त्याची ढांग ऐंशी सेंटिमीटरवर आली, म्हणजे दुडकी सोडून चाल. एका ठिकाणी पुढचे दोन पंजे शेजारी-शेजारी आणि खोल: उभा राहून पाहत होता. मग थेट डालग्यापाशी, कोकरं झाकून ठेवायच्या टोपलीपाशी. डालगं कलंडून पडलेलं. परतीच्या मागावर फरफट नव्हती. चारेक किलोचं कोकरू लांडगा उचलूनच नेतो, तेव्हा फरफट शोधत बसू नये, काटे पाहावेत. हिवराच्या काट्यावर गुडघ्याच्या जरा खाली लोकरीची बट अडकलेली होती. आणि येतानाच्या, जातानाच्या सगळ्या ठशांत तळाला पापडी.

मेंढी पडली होती ती साठ-सत्तर मीटरवर, उलट बाजूला. तिच्याभोवती तीन मापांचे ठसे, गोल गोल धावलेले, बोटं फाकलेली, नखं खोल रुतलेली. सगळे पापडी मोडून. धावताना लांडग्याचीही बोटं फाकतात, त्यामुळे नुसत्या फाकलेल्या बोटांवर मी काही बोललो नाही. हे ठसे जिथून आले तिकडे उलटा माग काढायला लावला. तो वेडावाकडा जात सहाशे मीटरवर मेलेल्या कोंबड्या टाकायच्या खड्ड्यापाशी पोचला. तिथे त्याच मापांचे जुने-नवे ठसे शेकड्यानं, आणि दोन कुत्री उन्हाला पडलेली.

म्हणजे रात्री दोन भेटी झाल्या होत्या. पहिली दवाआधी, दुसरी दवानंतर. म्हाताऱ्या धनगराला विचारलं तर तो म्हणाला, बाराच्या पुढं कुत्रं भुंकलं, उठून हाकारलं, मग परत पडलो. त्याच गोंधळात मेंढरं बुजून वाघरीच्या कोपऱ्यावर चढली होती. दोन मेखा उपसलेल्या, जाळं जमिनीला टेकलेलं, त्यावरून खुरांचे ठसे बाहेर, तेही पापडीखालचे. चार-पाच मेंढ्या रात्रभर बाहेर राहिल्या आणि पहाटे कुत्र्यांना सापडल्या.

“लांडगं एक उचलतं आन् जातं,” म्हातारा म्हणाला. “ही फाडाफाडी कुत्र्यांचीच. पर कुत्र्याचं पैसं कोन देतंय?”

खरी अडचण ती. वन विभागाची भरपाई वन्यप्राण्यानं मारलेल्या जनावरासाठी असते, त्या यादीत लांडगा आहे. गावकुत्रं नाही. आमच्या वाचनानं मेंढीचे पैसे गेले होते. उरलं होतं कोकरू, आणि त्याचा देह नव्हता. वर्गातल्या दोघांना मेंढीही लांडग्याच्या नावावर टाकावीशी वाटली. मला पटत नाही. अशी प्रत्येक नोंद पुढे लांडग्याच्या खात्यावर चढते आणि खड्डा मात्र उघडाच राहतो.

वनरक्षकाला फोन करून मेंढी जागची हलवू दिली नाही. साडेदहाला तो आला, पाठोपाठ पशुवैद्यकीय डॉक्टर. जखमेचं भोक वरून पाहून काही कळत नाही, कातडं सोडवावं लागतं. जिवंतपणी झालेल्या चाव्याखाली रक्त साकळलेलं दिसतं, मेल्यावरच्या चाव्याखाली नाही. मागच्या मांड्या, शेपटीचं मूळ, एक कान इथे रक्त साकळलेलं होतं, गळा साफ. मांस जवळपास न खाल्लेलं. लांडगाही कधीकधी मागून धरतो, त्यामुळे एवढ्यावर निकाल लागला नसता. ठशांच्या जोडीनं लागला.

त्याआधी, वनरक्षकाची वाट पाहताना, ठशांचे साचे घेतले. दोन वाट्या प्लास्टर ऑफ पॅरिस, एक वाटी पाणी, ठशाभोवती पुठ्ठ्याची चार सेंटिमीटर उंच पट्टी. फुफाट्यावर थेट ओतलं तर बोटांच्या रेषा वाहून जातात, म्हणून आधी फवाऱ्यानं वरून, लांबून, दोन-तीनदा बारीक तुषार. प्लास्टर ठशाच्या बाहेर चमच्यावर ओतायचं आणि आत वाहू द्यायचं. थंडीत ते उशिरा धरतं. पंचवीस मिनिटांत उचललेला पहिला साचा टाचेच्या गादीवर मोडला, दुसऱ्याला पाऊण तास दिला.

मग वनरक्षकासह कोकराच्या मागावर गेलो, आम्ही दोघंच, वर्ग मागे. ऊन चढलेलं, ठसे पुसट, त्यामुळे काठीवर ढांगेचं माप बांधून पुढचा ठसा कुठे असायला हवा तिथेच शोधायचा. सातशे मीटरवर घाणेरीच्या जाळीत लोकर, रक्तानं काळवंडलेली माती, एक खूर आणि बिल्ला असलेला कानाचा तुकडा मिळाला. पट्टी ठेवून फोटो, जीपीएसची नोंद, जागेवरच पंचनामा. बाजूच्या वाटेवर विष्ठा होती. ती हातमोजे घालून कागदी पाकिटात, आणि नाकाशी न नेता. लांडग्या-कुत्र्यांच्या विष्ठेत फीतकृमीची अंडी असतात, माणसाच्या पोटात गेली तर यकृतात, फुफ्फुसात पाण्याच्या गाठी होतात.

जाळीच्या पुढे माग ओढ्याच्या उताराकडे वळत होता. तिथे एकाच रेषेत जाणारे-येणारे ठसे होते, आजचे, कालचे, परवाचे. रोजची वाट. थंडीत अशी वाट कुठे जाते ते तिथवर न जाताही कळतं. वनरक्षकानं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि आम्ही आल्या पावलांनी मागे फिरलो. जीपीएसमध्ये तो बिंदू घातला नाही.

वाड्यावर म्हाताऱ्यानं साचा हातात घेऊन उलटा-पालटा करून पाहिला, खाली ठेवला आणि मेखा ठोकायला लागला. मेखांमधलं अंतर त्यानं निम्म्यावर आणलं, कोपऱ्यावर दोन जादा दिल्या आणि डालग्यांवर दगड ठेवले. रात्री आठला त्याच्याच रानाच्या बांधावर आम्ही नवा तळहात उमटवला.