सापाचा डॉक्टर साप ठणठणीत असतानाच शोधा

कुत्रं आजारी पडलं की कोपऱ्यात जाऊन बसतं, मांजर खाणं सोडतं. साप एरवीही कोपऱ्यातच बसतो आणि एरवीही आठवडा-आठवडा खात नाही. म्हणून त्याचं दुखणं आपल्या लक्षात येतं तेव्हा ते बहुधा कित्येक आठवडे जुनं झालेलं असतं. तोंड उघडं टाकून श्वास घेणारा साप हातात धरून मग आपण फोन फिरवत बसतो, आणि पलीकडून "आम्ही साप बघत नाही" हे चौथ्यांदा ऐकू येतं. हे टाळायचं असेल तर साप घरी आला त्याच पंधरवड्यात डॉक्टर ठरवून टाका आणि पहिली तपासणी करून घ्या. वजन, विष्ठा, अंगावर माइट्स म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे आहेत का, एवढं बघून झालं की सापाची फाइल तयार होते. नंतर कधी रात्री-अपरात्री गरज पडली तर फाइल असलेल्या पेशंटला वेळ मिळणं सोपं जातं.

दवाखान्याच्या पाटीवरच्या "एक्झॉटिक" या शब्दावर लगेच विसंबू नका. पुष्कळ ठिकाणी त्याचा अर्थ ससे, पोपट आणि हॅमस्टर एवढाच असतो. शोधाची सुरुवात करायला एक चांगली जागा म्हणजे १९९१ मध्ये स्थापन झालेली असोसिएशन ऑफ रेप्टिलियन अँड अ‍ॅम्फिबियन व्हेटरिनेरियन्स ही संस्था. तिच्या वेबसाइटवर सदस्य डॉक्टर शोधता येतात. पण सदस्य असणं म्हणजे परीक्षा पास होणं नव्हे. सरपटणाऱ्या प्राण्यांचा वेगळा अभ्यास करून परीक्षा देणारे तज्ज्ञ फार थोडे असतात, त्यामुळे असा कोणी आसपास असेल तर थोडं लांब पडलं तरी चालवून घ्यावं. पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं, प्राणिसंग्रहालयांत काम केलेले डॉक्टर आणि पुष्कळ साप सांभाळणारे ब्रीडर हे पुढचे दुवे. ब्रीडरला "चांगला डॉक्टर कोण?" असं विचारलं की नुसतं नाव हाती येतं. "शेवटचा साप कशासाठी नेला होतात, त्यांनी काय काय तपासलं, औषध किती दिवस दिलं?" असं विचारा, म्हणजे डॉक्टरची पद्धत कळते.

मग फोन. रिसेप्शनवरच्या माणसाला हे प्रश्न विचारायला संकोच नको: डॉक्टर महिन्याला साधारण किती साप बघतात? मी पाळतो त्या जातीचा साप शेवटचा कधी आला होता? भूल द्यायची वेळ आली तर इथेच देता की दुसरीकडे पाठवता? विष्ठा इथेच सूक्ष्मदर्शकाखाली बघता का? सुट्टीच्या दिवशी कोणाकडे जायचं? "हो हो, सगळे प्राणी बघतो" या उत्तराने काहीच कळत नाही. "महिन्याला तीन-चार येतात, मोठी शस्त्रक्रिया असेल तर अमुक रुग्णालयात पाठवतो" हे उत्तर भरवशाचं.

प्रत्यक्ष भेटीत माझ्या लेखी सगळ्यात मोठी खूण एकच. डॉक्टर सापाला हात लावण्याआधी तापमान विचारतात का? सापाचं शरीर स्वतःची उष्णता स्वतः तयार करून राखत नाही. अन्न पचणं, जंतूंशी लढणं, औषध शरीरात पसरणं आणि बाहेर पडणं, हे सगळं तो कुठे बसलाय त्या जागेच्या तापमानावर चालतं. बॉल पायथन या लहान अजगराला टाकीची उबेची बाजू ३१ ते ३३ अंश सेल्सिअस लागते, कॉर्न स्नेकला २८ ते ३१ पुरते. ती बाजू २५ वर राहिली तर उत्तम अँटिबायोटिकही अर्धवटच काम करतं, कारण सापाची स्वतःची प्रतिकारशक्ती थंडावलेली असते. म्हणून जाणकार डॉक्टर आधी विचारतो: गरम बाजू किती, थंड बाजू किती, रात्री किती, आर्द्रता किती, हीट मॅटला थर्मोस्टॅट आहे का, आणि थर्मामीटरचं टोक नेमकं कुठे ठेवलंय? हा शेवटचा प्रश्न ज्याने विचारला त्याला धरून ठेवा. काचेवर चिकटवलेला गोल काट्याचा थर्मामीटर काचेजवळच्या हवेचं तापमान सांगतो. सापाच्या पोटाखाली काय चाललंय ते त्याला कळत नाही.

तपासणी कशी चालते ते नीट बघा. आधी ग्रॅममध्ये वजन. कुत्र्यांच्या मोठ्या काट्यावर १२० ग्रॅमचं पिल्लू ठेवून "ठीक आहे" म्हणणारा दवाखाना इथेच बाद. मग साप टेबलावर मोकळा सोडून तो कसा सरकतो, जीभ कशी काढतो, डोकं सरळ धरतो का, हे बघितलं जातं. उलटा केला तर तो लगेच सुलटा होतो का, तेही बघतात. डोळ्याच्या कडेची खाच आणि हनुवटीखालची घडी यात माइट्स बसतात. मोहरीहून बारीक काळे ठिपके, ओल्या पांढऱ्या कापसाने पुसलं तर कापसावर हलताना दिसतात. तोंड उघडायला मऊ, सपाट काहीतरी हलकेच आत सरकवतात, धातूचा चिमटा खुपसत नाहीत. आत जिभेच्या म्यानाच्या वरच श्वासनळीचं तोंड दिसतं, अगदी पुढे. तिथे फेस किंवा चिकट धागे असले तर फुप्फुसांकडे बघायला हवं. सापाला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, त्यामुळे खोकून कफ बाहेर टाकणं त्याला जमत नाही, तो आतच साठत जातो.

त्यानंतर मानेपासून शेपटीकडे पोटाच्या बाजूने अंगठा हलका दाबत नेतात. पुढच्या भागात, साधारण शरीराच्या पहिल्या चौथाई ते तिसऱ्या हिश्श्यात, हृदय असतं. साप उताणा धरला तर पोटाच्या खवल्यांवर त्याची धडधड नुसत्या डोळ्यांनी दिसते. मध्यावर जठर, मागे मूत्रपिंडं, मादीत अंडी. जठराच्या जागी टणक फुगवटा लागला आणि साप खाल्लेलं बाहेर टाकत असेल तर क्रिप्टोस्पोरिडियम या सूक्ष्म परजीवीची शंका डॉक्टरच्या तोंडून यायला हवी. अंगावर गाठ असेल तर तीही बघा कशी हाताळतात. सापाचा पू पातळ नसतो, घट्ट गोळ्यासारखा असतो. सुईने ओढून तो निघत नाही, गाठ उघडून कवचासकट काढावी लागते. सुई टोचून "पू नाही" असा निष्कर्ष काढणारा डॉक्टर सस्तन प्राण्यांच्या हिशोबाने चाललाय.

औषधाच्या चिठ्ठीतही हाच फरक दिसतो. सेफ्टाझिडिम हे अँटिबायोटिक सस्तन प्राण्यांना दिवसातून दोन-तीन वेळा द्यावं लागतं. सापात ते इतकं सावकाश बाहेर पडतं की साधारण ७२ तासांनी एक इंजेक्शन पुरतं. चिठ्ठीवर दिवसातून दोनदा असं लिहिलं असेल तर "सापासाठी हाच कालावधी का?" असं शांतपणे विचारा. एन्रोफ्लॉक्सासिनचं इंजेक्शन दुखतं आणि टोचल्या जागी कातडी व स्नायू मरू शकतात, म्हणून माहीतगार डॉक्टर ते पातळ करून देतात, किंवा एखादं इंजेक्शन देऊन पुढे तोंडावाटे देतात. इंजेक्शन बहुधा शरीराच्या पुढच्या भागात देतात, कारण मागच्या भागातलं रक्त मूत्रपिंडांवरून जातं. आणि घरी इंजेक्शन द्यायचं असेल तर डॉक्टरने तुमच्याकडून एक तिथेच, त्यांच्या डोळ्यांसमोर, देऊन घ्यायला हवं. खवल्यांच्या मधून सुई तिरकी कशी घालायची हे तोंडी सांगून कळत नाही. घरी कासवही असेल तर एक मुद्दाम विचारा: आयव्हरमेक्टिन. ते कासवांना जीवघेणं ठरतं, आणि हे डॉक्टरला ठाऊकच असलं पाहिजे.

भुलीबद्दल थोडं सविस्तर, कारण चूक इथे महाग पडते. साप बराच वेळ श्वास रोखून धरू शकतो, त्यामुळे नुसत्या मास्कने गॅस देऊन झोपवणं बेभरवशाचं. सहसा आधी शिरेतून प्रोपोफॉल किंवा अल्फाक्सालोन देतात, मग श्वासनळीत नळी घालून आयसोफ्लुरेनवर ठेवतात आणि ठरावीक अंतराने श्वास हाताने किंवा यंत्राने देतात. हृदयाचे ठोके डॉपलरवर ऐकत राहतात. साप शुद्धीवर यायला तासन् तास लागू शकतात. तोवर तो त्याच्या जातीला मानवणाऱ्या उबेत हवा, आणि या टप्प्यावर शुद्ध ऑक्सिजनपेक्षा साध्या हवेवर तो लवकर स्वतः श्वास घेऊ लागतो. "शुद्धीवर येईपर्यंत कोण बघणार आणि उब कशी ठेवणार?" एवढाच प्रश्न विचारला तरी उत्तरावरून अनुभव कळतो.

रक्ततपासणीत दोन गोष्टी. सापाच्या तांबड्या पेशींना केंद्रक असतं, म्हणून माणसांच्या किंवा कुत्र्यांच्या रक्ताचं यंत्र पेशींची मोजणी चुकवतं. काचपट्टीवर रक्त पसरून डोळ्यांनी मोजावं लागतं. दुसरं, किती रक्त काढायचं. निरोगी सापाच्या बाबतीतही वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास थांबणं सुरक्षित, म्हणजे १०० ग्रॅमच्या सापाकडून ०.५ मिलिलिटर. ते शेपटीखालच्या शिरेतून किंवा थेट हृदयातून काढतात. हृदयातून म्हटलं की पोटात गोळा येतो, पण सरावलेल्या हाताला ती नेहमीची पद्धत आहे. अजगरांना श्वासाचा त्रास वारंवार होत असेल तर निडोव्हायरससाठी तोंडातला स्वॅब तपासायला पाठवू का, हा विषय डॉक्टरने स्वतः काढायला हवा. बॉल पायथनमधला हा विषाणू २०१४ मध्ये ओळखला गेला. घरात अनेक साप असतील तर ही चाचणी टाळू नका.

काही गोष्टी दिसल्या तर साप पिशवीत घालून सरळ परत फिरा. कात टाकताना डोळ्यावर राहिलेला पापुद्रा चिमट्याने ओढायला निघालेला डॉक्टर ही त्यातली पहिली. त्याखालचं पारदर्शक कवच त्याच्याबरोबर फाटलं तर डोळा जातो. योग्य वाट म्हणजे आर्द्रता वाढवणं, ओलावा देणं आणि बहुतेक वेळा पुढच्या कातीपर्यंत थांबणं. विष्ठा न बघता जंताचं औषध देणं, न खाणाऱ्या सापाला कारण न शोधता व्हिटॅमिनचं इंजेक्शन टोचणं, आणि एका सापावरून दुसऱ्या सापाकडे जाताना हात न धुणं, टेबल न पुसणं, हेही त्यातच.

आपली बाजूही चोख हवी. जाण्याआधी ३ ते ५ दिवस खायला देऊ नका, भरल्या पोटाचा साप दाबून तपासता येत नाही आणि प्रवासात ओकतो. उलटी शिवण असलेली सुती पिशवी किंवा उशीचा अभ्रा, तोंडाला पीळ देऊन गाठ, आणि ती पिशवी भोकं पाडलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात. आतलं तापमान २६ ते २९ अंशांत राहू द्या. गरम पाण्याची बाटली ठेवायची तर टॉवेलात गुंडाळून, डब्याच्या बाहेरून. सोबत टाकीचे फोटो, शेवटच्या १०-१२ खाण्यांच्या तारखा आणि भक्ष्याचं वजन, काती, दर महिन्याचं वजन. विष्ठा २४ तासांच्या आतली, बंद डबीत, फ्रिजमध्ये ठेवलेली. श्वासाचा आवाज येत असेल तर त्याचा व्हिडिओ घरीच काढा, दवाखान्यात तो आवाज नेमका थांबतो.

त्याच दिवशी धावायचं कधी? तोंड उघडं टाकून श्वास, डोकं मागे वळवून आकाशाकडे बघत राहणं किंवा गिरकी घेणं, भाजणं, जिवंत उंदराने केलेली जखम, आणि गुदद्वारातून काही बाहेर आलेलं. या शेवटच्यात ते आत ढकलू नका. साखरेच्या घट्ट पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापडाने ओलं ठेवा, सूज उतरायला मदत होते. याउलट, हिवाळ्यात बॉल पायथनने दोन महिने खाणं सोडलं आणि वजन टिकून असेल तर वाट बघता येते. वजन दहा टक्क्यांनी उतरलं की मात्र वेळ घ्या.

आसपास सापांचा डॉक्टर नसेलच, तर कुत्र्या-मांजरांचा असा डॉक्टर शोधा जो "मला सापांचा अनुभव कमी आहे, पण तज्ज्ञाला फोन लावून बघूया" असं म्हणतो. नमुने घेणं, एक्स-रे काढणं, इंजेक्शन देणं हे त्यांना येतं. डोस आणि निदान लांबचा तज्ज्ञ सांगू शकतो. अशी जोडी मी अर्धवट माहितीच्या "एक्झॉटिक" डॉक्टरपेक्षा केव्हाही वर ठेवेन.

आणि एक प्रश्न पहिल्या भेटीतच विचारून ठेवावा, जड वाटला तरी: साप गेला तर शवविच्छेदन करता का? घरात दुसरे साप असतील तर त्यांना काय धोका आहे हे बहुधा तिथेच कळतं. त्यासाठी मेलेला साप लगेच पिशवीत घालून फ्रिजमध्ये, ४ अंशांवर ठेवावा आणि एक-दोन दिवसांत पोचवावा. फ्रीझरमध्ये टाकू नये, बर्फाच्या कणांनी पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली वाचण्यासारखं फारसं उरत नाही.