सामू आठ

रात्रीचे साडेअकरा. परवा केमिस्ट्री. झोप येतेय, पण संध्याकाळची एक गोष्ट मनातून हटत नाहीये. लिहून टाकते.

बारा दिवस झाले, आम्ही तिघं रोज एकत्र बसतोय. आधी चौघं होतो. पंच्याण्णव चौथ्याच दिवशी गळाला. (पंच्याण्णव मार्कांच्या खाली बोलतच नाही, म्हणून हे नाव.) "तुमच्याबरोबर माझं मागे पडतं," म्हणाला. तेव्हा राग आला होता. पण खरं सांगायचं तर, मोल एकच शंका तिसऱ्यांदा काढायला लागला की माझ्याही मनात तेच यायचं.

मोल म्हणजे आमचा तिसरा. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "मोल म्हणजे नक्की काय, वजन की संख्या?" बेंझीनने सांगितलं, संख्या, डझन म्हणतो ना तसं, फक्त इथे बाराऐवजी ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात. (बेंझीनच्या वह्यांच्या समासात षटकोनांशिवाय काही नसतं, बेंझीनचा रेणू असाच काढतात. ऑरगॅनिक तिच्याकडे आहे, त्यामुळे त्या बाजूने आम्ही निर्धास्त आहोत.) तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "म्हणजे डझनभर सुया आणि डझनभर हातोडे. १८ ग्रॅम पाणी हा एक मोल, आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हाही एकच मोल." तेव्हापासून तो मोल.

त्याचे प्रश्न असेच असतात. ऐकताना बाळबोध वाटतात. परवा अमोनियाच्या वेळी तेच झालं. अभिक्रिया उष्मादायी, उष्णता बाहेर टाकणारी, म्हणजे ल शातेलिएच्या तत्त्वानुसार तापमान जितकं कमी तितका अमोनिया जास्त. हे पाठ म्हणून दाखवलं आणि मग हाच विचारतो, "मग कारखान्यात ४५० अंशांच्या आसपास कशाला तापवतात? गार ठेवा की." बेंझीन म्हणाली, गार ठेवलं तर मिळेल भरपूर, पण मिळेपर्यंत आपण म्हातारे होऊ. लोखंडाचा उत्प्रेरक घातला तरी त्याला चालायला ऊब लागतेच. म्हणून वेग आणि उत्पन्न यांत तडजोड करायची, आणि कसर २०० वातावरणांच्या आसपासच्या दाबाने भरून काढायची, कारण चार रेणूंचे दोन होतात आणि दाब वाढला की समतोल कमी रेणूंच्या बाजूला झुकतो. हे सगळं पुस्तकात आहे. मी तीनदा वाचलं होतं. पण "का तापवतात" हे मला एकदाही खटकलं नव्हतं.

आज माझी पाळी होती, आयनिक समतोल. फळ्यासारखी वापरायला जुन्या कॅलेंडरची मागची बाजू घेतली होती. सामूची (म्हणजे pH ची) व्याख्या, सातच्या खाली आम्ल, वर आम्लारी, दोन-तीन उदाहरणं, सगळं झकास चाललं होतं. मग मागच्या प्रश्नपत्रिकेतला एक प्रश्न घेतला. हायड्रोक्लोरिक आम्लाचं द्रावण, संहती दहाचा उणे आठवा घात मोलर, सामू किती? मी मागे वळूनही न बघता लिहिलं, आठ. आणि पुढच्या प्रश्नाकडे निघाले.

"थांब गं," मोल म्हणाला. "पाण्यात आम्ल घातलं आणि ते आम्लारिधर्मी झालं?"

सामू आठ म्हणजे आम्लारिधर्मी. मी स्वतःच पाच मिनिटांपूर्वी शिकवलं होतं. हातातला पेन तसाच राहिला. बेंझीन डोकं खाली घालून आकडेमोड करायला लागली. माझ्या कानशिलांवर ऊन पडल्यासारखं वाटत होतं.

हळूहळू सुटलं. २५ अंशांना शुद्ध पाण्यातच हायड्रोजन आयन दहाचा उणे सातवा घात इतके असतात, म्हणजे आपण घातलेल्या आम्लाच्या दहापट. आम्ल इतकं विरळ असताना पाण्याला विसरून चालत नाही. पण नुसती बेरीज करूनही चालत नाही, कारण आम्ल आलं की पाण्याचं विघटन थोडं मागे सरकतं. वर्गसमीकरण मांडलं, उत्तर १.०५ गुणिले दहाचा उणे सातवा घात. सामू ६.९८. सातच्या जेमतेम खाली, पण खालीच. आम्ल ते आम्लच.

आणि मग मी जे बोलले त्याच्यासाठी हे पान. म्हणाले, "शाब्बास! मुद्दामच लिहिलं होतं, बघत होते कोण पकडतंय."

बेंझीनने एकदाच माझ्याकडे बघितलं. काही बोलली नाही. मोल मात्र खूश. "भारी फसवलंस!" म्हणाला आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

वर्षभर मी तो प्रश्न आठच करत आलेय. चाचणीत आला नाही म्हणून कळलं नाही, इतकंच. परवा आला असता तर डोळे मिटून आठ लिहून, खाली दोन रेघा मारून आले असते.

आत्ता दहा मिनिटांपूर्वी मोलने त्याच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवला. सगळं गणित नीट उतरवलंय, ६.९८भोवती चौकट, आणि खाली लाल पेनने: "इथे ती मुद्दाम फसवते. सावध!"

मी टाइप केलं, "फसवलं नव्हतं. मलाच येत नव्हतं."

दोनदा खोडलं. तिसऱ्यांदा पाठवलं. लगेच उत्तर आलं: "माहितेय. तुझे कान लाल झाले होते. उद्या विद्युतरसायन कोण घेणार?"